मानाचा फरा

आमच्या अंजनीचं बारसं झालं ते साल एकोणीसशे त्रेपन्न. तेव्हा मला सालं कळत नव्हती. अक्षर शिकले ती नातवंडं झाल्यावर, आणि मग मागे मागे मोजत गेले तेव्हा हे साल हाती लागलं. अंजनी दिवाळीनंतरची. बारशाला भावकीतल्या बायका आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या. जाताना विठाकाकी उंबऱ्यात थांबून म्हणाली, "पोर गोड आहे गं गोदू. पण या वक्ताला पोरगा हवा होता."

विठाकाकी वाईट बाई नव्हती. सगळ्यांच्या मनात होतं ते तिनं बोलून दाखवलं, एवढंच.

मी माझ्या वडिलांची एकुलती एक. आई लवकर गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही आणि मला सासरीही धाडलं नाही. रघु म्हणून वांगणीकडचे एक गरीब घरचे होते, त्यांना घरजावई करून घेतलं. ते अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात जात आणि सुट्टीला शेत बघत. सात वर्षं झाली होती तरी पाड्यातले लोक त्यांना "पाव्हणं" म्हणत. त्यातही माझा चुलतभाऊ हरिचंद्र जास्त. विठाकाकीचा मुलगा तो. "काय पाव्हणं, मुक्काम वाढला?" असं म्हणायचा आणि हसायचा.

आमचा पाडा खरवईच्या पुढे, नदीच्या अंगाला. माघात देवीची जत्रा असते. जत्रेला गावाचा बकरा पडतो आणि त्याचे वाटे होतात. बाकी सगळ्यांना सारखे वाटे, पण उजव्या पुढच्या पायाचा फरा हाडासकट आमच्या घरी येतो. तो मानाचा. तो घरी शिजवायचा, देवळापुढच्या पंगतीत आणायचा आणि मानकऱ्यानं सगळ्यांसमोर खायचा. पानात वाढलेलं टाकायचं नाही. मानकऱ्याला आपल्या हयातीत मान दुसऱ्याला द्यायचा असेल तर पान संपवून शेवटचा घास आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालायचा. मुलगा असेल तर प्रश्नच येत नाही, तो आपोआप पानावर बसतो. मुलगा नसेल आणि घास न देता माणूस गेला, किंवा फरा खाईनासा झाला, की ते घर बुजलं असं धरतात. मग भावकी त्या घराला विचारत नाही. जत्रेचा नारळ येत नाही, लग्नाला अक्षत येत नाही. माणसं राहतात, चूल पेटते, पण गावाच्या लेखी ते घर नसतं.

आणि बाबांचं तोंड बंद होत चाललं होतं.

जन्मभर तंबाखूची गोळी गालात. आधी चट्टा पडला, मग जखम झाली, मग जबडा आखडला. दात तर आधीच गेले होते. कल्याणच्या डॉक्टरनं बॅटरी लावून आत पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मऊ मऊ द्या." तेव्हापासून पेज, डाळीचं पाणी, नाचणीची आंबील. आदल्या वर्षीच्या जत्रेत बाबांनी फऱ्याचा एक तुकडा गालात धरला, चघळल्यासारखं केलं आणि हात धुवायला म्हणून उठून कुंपणाकडे थुंकून आले. हरिचंद्रानं ते पाहिलं. त्या वेळी बोलला नाही. पण अंजनी झाल्यावर बोलला. बाबा ओटीवर बसले होते, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "काका, राग मानू नका. औंदा फरा पानात पडेल तो खरोखरचा पोटात गेला पाहिजे. नाहीतर पुढल्या साली आमच्या घरी येईल. देवीचा मान थुंकायचा नसतो."

बाबांनी मान हलवली. हरिचंद्र खोटं बोलत नव्हता. तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, "गोदू, मला रघुला घास द्यायचाय." तोंड उघडत नसल्यामुळे त्यांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं यायचं, पण मला समजायचं.

मी आठवड्यातून दोनदा कॅम्पात भाजी विकायला जात असे. चार नंबरच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी लोक लष्कराच्या जुन्या बराकींत राहत. एका बराकीत गोणपाटं बांधून पाच-सहा बिऱ्हाडं. त्यातल्या एका गोणपाटामागे चेतीबाई राहायची. शिकारपूरची बाई, विधवा, उंच, नाकात मोठी फुली. माझी वांगी आणि बेलवांगी ती एकेक दाबून घ्यायची. बेलवांग्याला ती टमाटा म्हणे. मला "धीअ" म्हणायची; त्यांच्यात लेकीला तसं म्हणतात. मी तिला अम्मा म्हणे.

हरिचंद्र बोलून गेला त्याच आठवड्यात मी गेले, तेव्हा तिनं शेगडीवर पातेलं ठेवलं होतं आणि झाकणावरही निखारे पसरले होते. मी विचारलं, वर कशाला विस्तव? तिनं झाकण काढून दाखवलं. पोट कोरलेली वांगी आणि टमाटे उभे लावले होते आणि आत मटण भरलं होतं, पण मटणासारखं दिसत नव्हतं. भिजवलेल्या भरड्यासारखं बारीक होतं.

"कीमो," ती म्हणाली. "सुरीने बारीक बारीक. आमच्या गल्लीत तंदूर होता. रोटी निघाली की ह्याची परात आत ठेवायची. इकडे तंदूर नाय, तो खाली आग, वर आग."

"हे चावायला लागतं?"

"चावायला?" ती हसली. "माझ्या सासूला एक दात नव्हता. तीन-तीन खायची आणि बोलायची, बहूने कमी दिले."

मी तिथेच टोपलीशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. फरा, पंगत, घास, बाबांचं तोंड. तिनं मधेच थांबवून विचारलं, "कुटून रस्सा करून देत नाय?"

"रस्सा सगळ्यांनाच असतो अम्मा. मान मांसाचा. पाट्यावर वाटून बघितलं, दोरे दोरे होतात. बारीक तुकडे केले तर कण जखमेत अडकतात, बाबा ओरडतात बिचारे."

"म्हणून तर भाजीत भरायचं," ती म्हणाली. "भाजी त्याला धरून ठेवते. एक गोळा होऊन गळ्याखाली जातो. तू मटण इकडे आण, मी करून देते."

"शिवेबाहेर नाही नेता येत. देवीचं आहे."

"तो मी येते."

"आणि परक्याचा हात नाही चालत त्याला."

चेतीबाईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावली. ती म्हणाली, "तुझा हात चालतो ना? बस. माझं तोंड चालेल."

जत्रेच्या सकाळी आमचे हे तिला अंबरनाथहून गाडीनं बदलापूरला आणि तिथून चालत पाड्यावर घेऊन आले. तिनं कापडात गुंडाळून दोन सुऱ्या आणल्या होत्या. अंगणात पेरूखाली मी तिला पोतं टाकून दिलं. बायका कुंपणापाशी गोळा झाल्या, कारण सिंधी बाई आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. एकीनं विचारलंसुद्धा, "हिला पाणी चालतं का आपलं?" चेतीबाईला ते समजलं. ती म्हणाली, "पाणी चालतं, चाय असला तर जास्ती चालतो." बायका हसल्या आणि कोणीतरी चहा आणला.

बकरा पडला. वाटे झाले. फरा धुऊन द्यायचं काम भावकीतल्या थोरल्या बाईचं, म्हणजे विठाकाकीचं. तिनं तो पळसाच्या पानावर माझ्या हातात दिला.

मी सागाचा ओंडका धुऊन ठेवला होता. समोर चार हातांवर चेतीबाई बसली. तिनं मांसाला हात लावायचा नव्हता, म्हणून मी तिला नाचणीच्या पिठाचा गोळा मळून दिला होता. तिनं एक सुरी मला दिली, एक आपण घेतली. ती पिठावर सुरी चालवायची आणि मी बघून मांसावर. आधी हाडापासून मांस सोडवलं, हाड अखंड ठेवून. मग पांढरे दोरे वेचून काढले. मग सुरी.

"जोर नको, धीअ. वजन सुरीचं, तुझं नाय. ती आपोआप पडू दे."

बराच वेळ फक्त सुरीचा आवाज होता. माझा हात भरून आला की ती थांबायची आणि आपणच दमल्यासारखं करून कपाळ पुसायची, मग मीही थांबायचे.

तेवढ्यात हरिचंद्र आला. ओंडक्याकडे बघून त्याचा आवाज चढला. "गोदे, हे काय चालवलंस? फऱ्याचा भुगा केलास?"

"भुगा नाही. खिमा."

"देवीनं फरा दिला. खिमा नाही दिला. आणि हे शिकवायला कॅम्पातनं गुरू आणली? पाव्हणं कमी होते ते पाव्हण्यांनी पाव्हणी आणली!"

हे उठून उभे राहिले. बाबांनी ओटीवरून हात केला म्हणून परत बसले. बाबा म्हणाले, "हाड." मी हाड उचलून दाखवलं. अख्खं होतं. बाबा म्हणाले, "ते पानात ठेव. ज्याला बघायचं तो बघेल."

हरिचंद्र आईकडे वळला. त्याला वाटलं ती त्याची बाजू घेईल. विठाकाकी चुलीला लाकडं देत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "वाटा शिवेबाहेर गेला नाही. परक्याचा हात लागला नाही. मडकं नवं आहे. नियम मोडला कुठे ते सांग, नाहीतर लाकडं आण."

तो लाकडं आणायला गेला.

चेतीबाईनं पिठाच्या गोळ्यात कांदा, आलं, लसूण, धणे आणि कोथिंबीर कशी घालायची ते करून दाखवलं. मी तसं केलं. तिनं पदराच्या गाठीतून डाळिंबाचे वाळलेले दाणे काढले, हुंगले आणि परत बांधून टाकले. "अनारदाना आज नको. आंबट आहे, बाबांचं तोंड जळेल. मिरची पण नको. आणि नमक आधा. आपल्याला फिका लागेल एवढा." मी चिमटीत मीठ घेतलं, तिला दाखवलं, ती म्हणाली, "थोडा कम." मी थोडं काढून भांड्यात ठेवलं. "आता चाख," ती म्हणाली आणि लगेच तिच्या ध्यानात आलं. देवीचं आधी चाखत नाहीत. "बरं," ती म्हणाली. "तुझ्या हातावर भरवसा."

मग वांग्यांची आणि बेलवांग्यांची पोटं कोरून त्यांत खिमा भरला आणि त्यांचीच कापलेली टोपणं वर बसवली. राहिलं भाजणं. मानाचं शिजवायला नवं मडकं लागतं, आणि मडक्याच्या डोक्यावर निखारे ठेवता येत नाहीत. पण आमच्याकडे माघात पोपटी लावतातच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कांदे, असेल ते, परत पाला. तोंड पाल्यानं गच्च दाबायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवतीनं जाळ करायचा. चेतीबाईला ते सांगितलं तेव्हा तिनं हात गालाला लावला. "मटका उलटा? सगळं खाली नाय पडणार?"

"पाला धरून ठेवतो," मी म्हटलं.

देवीच्या जाळाजवळ परक्यानं यायचं नसतं, म्हणून ती पेरूखालीच राहिली. परसात मी आणि विठाकाकी होतो. मी पाला अंथरला, भरलेल्या भाज्या रचल्या. वरचा पाला घालायच्या आधी विठाकाकीनं तिच्या सवयीनं ओवा आणि खडेमिठाची मूठ मडक्यात भिरकावली. मी ते पाहिलं, आणि मलाही त्यात काही वेगळं दिसलं नाही. पोपटी म्हटली की मीठ पडतंच. शेंगांना सालं असतात, मीठ बाहेर राहतं. ती भाजी कोरलेली आहे, बेलवांगी पाणी सोडणार, ते मीठ विरघळून सगळं आत जाणार, हे तिच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

पालथं मडकं तापून काळं झालं. विठाकाकीनं हात ओला करून पाणी शिंपडलं, चर्र झालं आणि थेंब उडून गेले. "झाली," ती म्हणाली.

पंगत दुपार कलल्यावर बसली. देवळापुढे समोरासमोर दोन ओळींत बाप्ये, पहिल्या पानावर बाबा, शेजारी हे, समोरच्या ओळीत बरोबर तोंडासमोर हरिचंद्र. मी बाबांच्या पानात आधी हाड ठेवलं. मग एक वांगं, एक बेलवांगं आणि परत एक वांगं. पाल्याचा वास लागला होता. लोक माना लांब करून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "फऱ्याला झाड फुटलं की!" आणि दोघं-तिघं हसले.

बाबांनी वांगं बोटानं फोडलं, छोटा घास केला आणि तोंडाच्या फटीतून आत सारला.

आणि ते थांबले.

मला वाटलं, गरम आहे. त्यांचे डोळे एकदम भरून आले. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग समोर हरिचंद्राकडे. हरिचंद्र टक लावून बघत होता. बाबांच्या गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली. घास गेला होता. त्यांनी दुसरा घेतला. गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मी तांब्या पुढे केला, त्यांनी हात आडवा केला. पाणी प्यायलो तर गिळवत नाही म्हणतील, असं त्यांना वाटलं असावं. वांगं संपलं. बेलवांगं घेतलं. माणसं खायची थांबली होती. म्हातारा देवीपुढे रडतोय, असं त्यांना वाटलं. एका-दोघांनी हातही जोडले. दुसऱ्या वांग्याचा शेवटचा घास राहिला. तो घास त्यांनी वळून ह्यांच्या तोंडात घातला आणि जवळजवळ स्पष्ट आवाजात म्हणाले, "आता ह्याचा."

माझं लक्ष ह्यांच्या तोंडाकडे होतं. त्यांनी घास चावला, थबकले, बाबांकडे बघितलं आणि डोळे मिटून गिळला.

मान घेणाऱ्यानं उरलेलं भावकीला वाटायचं असतं. ह्यांनी मडक्यातलं पहिलं वांगं हरिचंद्राच्या पानात ठेवलं. त्यानं मोठा घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. मग त्यानं तो कसाबसा गिळला आणि म्हणाला, "मीठ." परत म्हणाला, "मीठ आहे नुसतं. मला खाववत नाही." तो बाबांकडे बघत होता. त्यांची जखम सगळ्यांना माहीत होती.

विठाकाकी वाढायचा डाव टाकून पुढे आली, बोटाला लावून चाखलं आणि तिचा चेहरा उतरला. "मी टाकलं," ती म्हणाली. "पोपटीला टाकतात तसं टाकलं. आत बसेल असं कुठं माहीत होतं."

ओळीत कुजबुज सुरू झाली. एकजण मोठ्यानं म्हणाला, "मुलाच्या मानासाठी आईनं मुद्दाम..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. बाबांनी हात वर केला. त्यांना बोलायला फार वेळ लागला.

"वहिनीचा हात तोच आहे," ते म्हणाले. "जन्मभर तिच्या हातची पोपटी खाल्ली."

एवढं बोलून ते दमले. मी त्यांचं पान उचलायला वाकले. आमच्यात उष्टं पान घरच्या माणसानं उचलायचं. दुसऱ्या घरचा कोणी हात लावत नाही. हरिचंद्र उठून आला.

"गोदे, राहू दे."

त्यानं हाडासकट पान उचललं, दुमडलं, दोन्ही हातांत धरलं. जाता जाता ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "दाजी, काकांना हाताला धरा. पायरी आहे."

दाजी हा शब्द त्यानं त्याआधी कधी वापरला नव्हता.

आम्ही बाबांना घरी आणलं तेव्हा चेतीबाई पेरूखालीच होती. पंगतीतला भात-रस्सा तिला पाठवला होता, तो तिनं झाकून ठेवला होता. बाबांना बघून ती उठली, डोक्यावरून पदर घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी झालं म्हणून मान हलवली. मग तिनं बाबांना विचारलं, "बाबा, नमक?"

बाबांचे ओठ सुजले होते. ते तिच्यासमोर थोडे थांबले.

"बरोबर," ते म्हणाले.

चेतीबाई खूश झाली. तिनं सुऱ्या कापडात गुंडाळल्या आणि मग भाताचं पान उघडून जेवायला बसली. तिला खरं काय झालं ते आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. पुढे वर्षानुवर्षं मी कॅम्पात गेले की ती शेजारणींना सांगायची, ही माझी धीअ, हिच्या बापानं माझ्या सांगण्यावर भरलेली वांगी खाल्ली आणि रडला, एवढी चांगली झाली होती.

बाबांना त्यानंतर आठ-दहा दिवस आंबीलसुद्धा जाईना. विठाकाकी रोज सकाळी ताक घेऊन यायची, त्यात मीठ नसायचं, आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या ओठांना लावायची. पुढल्या माघात फरा आमच्या घरी आला, ह्यांच्या पानात. जत्रेचा नारळही आला. अजून येतो.

चेतीबाई कॅम्पातच एकोणीसशे एकोणसाठ साली थंडीत गेली. माझे वडील दौलतराव त्या जत्रेनंतर, एकोणीसशे चोपन्न सालच्या चैत्रात, पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी घरी वारले. पुढचा खांदा रघु आणि हरिचंद्र यांनी दिला.